शिसव: काळ्या पॉलिशखालचं जांभळं लाकूड

शिसवाची पहिली ओळख मनगटाला पटते. जुना पाट उचलावा, लिहिण्याच्या डेस्काचं झाकण उघडावं, खुर्ची जरा पुढे ओढावी, की हाताने धरलेला अंदाज चुकतो. वाळलेलं सागवान घनफुटाला १८ ते १९ किलो भरतं, शिसव २३ ते २४. पाण्यात टाकलं तर तरंगतं, पण जेमतेम. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, यावर लाकडाचा कठीणपणा मोजतात. त्या मापात शिसव सागवानाच्या दुपटीहून जास्त भरतो. म्हणून दुकानात कोणी ‘शिसवी’ म्हणून खुर्ची पुढे केली, तर आधी ती एका हाताने उचलून बघावी. सहज उचलली गेली तर पुढची चौकशी करायची गरज नाही.

मग रंग. शिसव म्हणजे काळं लाकूड, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की शिसवी वस्तू काळी नसली तर घरातलीच माणसं तिच्यावर शंका घेतात. इंग्रजी व्यापारानेही त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून जगभर विकलं. पण नुकताच रंधा मारलेला शिसव एकदा तरी उजेडात बघायला हवा. काळा रंग त्यात फक्त रेषांना असतो. जमीन जांभळी असते, उकळत्या पाण्यात आमसूल सोडल्यावर पाणी ज्या रंगाकडे झुकतं तशी. कुठे ती सोनेरी तपकिरीकडे वळते, कुठे तांबूस होते, आणि तिच्यातून काळ्या-जांभळ्या रेषा वाहत जातात. हवा आणि उजेड लागून वर्षांमागून वर्षं हा जांभळेपणा ओसरतो, तपकिरी गडद होत जातो, आणि त्यावर पॉलिशवाल्याने काळा रंग मिसळून हात फिरवला की आपली समजूत खरी ठरते.

त्यामुळे जुन्या वस्तूचा रंग समोरून पाहू नये. खुर्ची उलटी करून बैठकीच्या चौकटीची खालची बाजू बघावी. टेबलाच्या फळीला खालून हात लावावा, तिथे बहुधा पॉलिश पोचलेलं नसतं. कपाटाचा खण काढून त्याच्या दर्शनी फळीची मागची बाजू बघावी. खणाचा तळ आणि कपाटाची पाठ बऱ्याचदा दुसऱ्या, स्वस्त लाकडाची असते. त्यावरून वस्तू खोटी ठरवण्याची घाई करू नये. चांगलं लाकूड दिसतं तिथे वापरायचं, ही सुताराची जुनी आणि रास्त काटकसर आहे. आणखी एक खूण कडेला सापडते. शिसवाच्या गाभ्याबाहेर पिवळट पांढऱ्या लाकडाचा पट्टा असतो. तो कीड पटकन धरतो, म्हणून जुने कारागीर तो कापून टाकत. आजच्या वस्तूत काठाला फिकट पट्टा असेल आणि तो रंगाने झाकलेला असेल, तर लाकूड वाचवण्यासाठी वस्तू बिघडवली असं खुशाल समजावं.

पण रंग आणि वजन ही वरवरची साक्ष झाली. रंग देता येतो, आणि वजनदार लाकडं इतरही आहेत. शिसव खरा कळतो तो त्याच्या आडव्या छेदात, म्हणजे ओंडका कापल्यावर जे गोल तोंड दिसतं तिथे. फर्निचरमध्ये हे तोंड फळीच्या टोकाला, पायाच्या तळाला, कुसू जिथे आरपार येऊन दिसतो तिथे सापडतं. धारदार ब्लेडने त्या जागेवरून एक पातळ काप काढावा. घासून चालत नाही, भुशाने सगळं बुजतं. मग बोट ओलं करून फिरवावं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याजवळ धरून तुकडा त्याच्याकडे न्यावा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आणि बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत लाकडाची ओळख पटवण्याची सुरुवात अशीच, एका भिंगापासून होते. एवढं साधन आपल्याला पुरेसं आहे.

भिंगाखाली आधी छिद्रं दिसतात. ती झाडाच्या जलवाहिन्यांची तोंडं. शिसवात ती चांगली मोठी, नुसत्या डोळ्यांनाही दिसतील अशी, पण संख्येने थोडी आणि सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेली असतात. सागवानाशी तुलना केली की फरक लगेच पटतो. सागाचं झाड वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीने मांडतं, त्यामुळे त्याच्या छेदात वलयं स्पष्ट मोजता येतात. शिसवात अशी रांग नाही. आता छिद्राभोवती बघा. प्रत्येक छिद्राला फिकट रंगाचं वेष्टन आहे. ते दोन्ही बाजूंना पंखासारखं पसरतं, शेजारच्या छिद्राच्या पंखाला जाऊन मिळतं, आणि त्यातून नागमोडी, तुटक, पुन्हा जुळणाऱ्या फिकट ओळी तयार होतात. या अन्न साठवणाऱ्या पेशी. गडद जमिनीवर त्या इतक्या रेखीव उठून दिसतात की मला दर वेळी थांबून पाहावंसं वाटतं. मधून उभ्या जाणाऱ्या किरणरेषा मात्र अतिशय बारीक, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या. काही छिद्रांत काळसर डिंकासारखा ऐवज भरलेला, तर काहींत पांढरी पूड. ही पांढरी पूड चुनखडीची. झाडाने जमिनीतून वर ओढलेला चुना तिथे साठून राहतो आणि सुताराच्या पटाशीची धार खातो.

आता फळीच्या सपाट अंगावरच्या काळ्या रेषांकडे यावं. लोक त्यांना झाडाच्या वयाची वलयं समजतात. शिसवाच्या बाबतीत हे खरं नाही. झाडाचं बाहेरचं लाकूड आतून मरत जाऊन त्याचं गाभ्यात रूपांतर होताना रंगद्रव्यं त्यात साठतात, आणि ती सारख्या प्रमाणात साठत नाहीत. ती वाढीच्या वलयांना धरून चालतातच असं नाही. वलयं ओलांडून जातात, एका बाजूला दाट होतात, मध्येच विरतात. म्हणून शिसवाच्या दोन फळ्या कधी सारख्या नसतात, आणि म्हणूनच छापील नक्षीचं लॅमिनेट लांबूनही उघडं पडतं. त्याच रेषा ठरावीक अंतरावर पुन्हा येतात. खऱ्या शिसवात तसं कधी होत नाही.

ज्या बाजूने करवत वलयांना स्पर्श करत जाते, त्या फळीवर आणखी एक लेणं असतं, आणि ते शिसवाच्या सगळ्या खुणांमध्ये माझं आवडतं आहे. फळी खिडकीच्या तिरक्या उजेडात धरली तर उभ्या रेषांना छेदणाऱ्या अतिशय बारीक आडव्या रेघा दिसतात, वाऱ्याने स्तब्ध पाण्यावर उठाव्यात तशा. लाकडातल्या किरणांच्या पेशी मजल्यांवर मजले रचल्यासारख्या एका पातळीत बसलेल्या असतात, त्यामुळे या रेघा उमटतात. शिसवाच्या सगळ्या कुळात त्या आढळतात, बिवळ्यातही दिसतात. सागवानात त्या नसतात. सागवानाला कितीही गडद रंग दिला, तरी या रेघा त्यावर काढता येत नाहीत. पॉलिशवाल्याच्या बोळ्याला जे जमत नाही, त्याच जागी ओळख पक्की होते.

तिसऱ्या बाजूला, म्हणजे ओंडक्याच्या मध्याकडून सालीकडे चिरलेल्या फळीवर, उजेड पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. एक पट्टा चमकतो, शेजारचा मिटतो, फळी फिरवली की उलटं होतं. शिसवाचे तंतू काही वर्षं एका दिशेला तिरके वाढतात, मग दुसऱ्या. एकमेकांत गुंतलेल्या या तंतूंमुळे लाकूड सहजी फाटत नाही, हा त्याचा गुण. पण याच कारणाने रंधा एका दिशेने नीट चालला की पुढच्या पट्ट्यात तंतू उपसतो. जाणता सुतार इथे घाई करत नाही. रंध्याचं पातं अगदी थोडं बाहेर काढतो, दिशा बदलतो, शेवटचा हात पोलादी पट्टीने किंवा काचेच्या तुकड्याने तासून देतो आणि मगच पॉलिश पेपर हातात घेतो. जुन्या डेस्कांच्या झाकणावर हात फिरवताना जो एकसंध गुळगुळीतपणा लागतो, तो अशा तासण्याचा आहे. विजेच्या यंत्राने घासलेल्या फळीवर तो नसतो. ती गुळगुळीत असते, पण तिच्या रेषा धूसर होतात.

ताज्या कापाला मंद गोडसर वास असतो. इंग्रजीत ‘रोझवुड’ नाव पडलं ते या कुळातल्या लाकडांच्या वासावरून. जुन्या वस्तूतून तो गेलेला असतो, पण आतल्या बाजूला पटाशीने जरा खरवडलं तर परत येतो. स्पिरिटने ओला केलेला पांढरा बोळा कोऱ्या शिसवावर घासला तर त्याला जांभळट तपकिरी रंग लागतो. गिटार बनवणारे याच कारणाने जपून असतात. शेजारी पांढऱ्या लाकडाची पट्टी बसवलेली असेल तर पॉलिश करताना शिसवाचा रंग ओघळून तिच्यावर जातो. आणि एक इशारा हवा: शिसवाच्या भुशातली काही द्रव्यं कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतात, काहींना खाज आणि चट्टे येतात. शिसव कापताना, घासताना नाकातोंडावर फडकं बांधावं.

फसवणारी लाकडं बरीच आहेत, पण सगळी सारखी धोक्याची नाहीत. बिवळ्याचा भुसा पाण्यात टाकला की पाणी पिवळसर होतं आणि त्याच्या कडेला निळी झाक दिसते, तो वेगळा काढायला इतकं पुरतं. शिरीषाचं लाकूड गडद तपकिरी आणि देखणं, पण हलकं. ऐन काळसर रेषांचा असतो, त्याला जांभळी छटा नाही. टेंभुर्णीचा आबनूस खरा काळा, दाणा इतका बारीक की छिद्रं शोधावी लागतात. खरी अडचण आहे ती शीशमची. शीशम शिसवाच्या सख्ख्या कुळातला, दोघांचं शास्त्रीय घराणं ‘डाल्बर्जिया’, आणि भिंगाखालीही दोघांत बरंच साम्य. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत शय्या आणि आसनांच्या लाकडांवर स्वतंत्र अध्याय लिहिला, त्यात चंदन, देवदार, साग यांच्या बरोबरीने शिंशपेला शुभ म्हटलं आहे. उत्तरेच्या नद्यांकाठी वाढणारा शीशम तो हाच असं सामान्यतः मानलं जातं. शिसव मात्र आपल्या बाजूचा. सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर, कारवार-मलबारच्या जंगलांत तो उंच आणि सरळ वाढतो. झाड उभं असेल तर गोंधळ होत नाही. शिसवाच्या पानाला बहुधा पाच ते सात पर्णिका, गोलसर, टोकाला कधी किंचित खाच असलेल्या. शीशमला तीन ते पाच, आणि प्रत्येकीचं टोक निमुळतं.

फर्निचरमध्ये मात्र नीट बघावं लागतं. आज ऑनलाइन दुकानांत जोधपूर-सहारनपूरकडचं जे ‘शीशम’ सामान मिळतं, त्याचा रंग सोनेरी तपकिरी, पट्टे रुंद, गाठी बऱ्याच, आणि फळी अरुंद पट्ट्या जोडून केलेली. त्यात जांभळं काही नसतं. शीशम हे चांगलं, टिकाऊ, प्रामाणिक लाकूड आहे. ते शीशम म्हणून घ्यावं आणि शीशमच्या भावाने घ्यावं. ‘इंडियन रोझवुड’ ही पाटी दोन्ही लाकडांवर लावली जाते, तिच्यावर विसंबून पैसे मोजू नयेत.

आता या लाकडाचं माणसाने काय केलं, ते बघायला हवं. आपल्याजवळचं, आणि आपणच जवळजवळ विसरलेलं उदाहरण मुंबईचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोटातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, शिसवी फर्निचरची दुकानं होती. त्या व्यापारात पारशी मंडळी पुढे होती. लाकूड मलबार-कानडा किनाऱ्यावरून समुद्रमार्गे येई. इथले कारागीर त्यातून खुर्च्या, सोफे, गोल टेबलं, कपाटं कोरत. ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत जात, पारशी आणि गुजराती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जात, आणि जहाजांनी परदेशी जात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मुंबईचं हे शिसवी काम मांडलं होतं.

या घडणीची एखादी खुर्ची समोर ठेवून पाहावी. पाठ आरपार कोरलेली. वेली, द्राक्षांचे घोस, पानांची वळणं, मधूनच एखाद्या पक्ष्याची मान. हातांना वळसे, पाय आधी पुढे झुकून मग आत वळणारे, तळाशी प्राण्याचा पंजा. आराखडा युरोपातल्या तेव्हाच्या शौकाचा, पण पानांची दाटी, कोरी जागा न सोडण्याचा हट्ट आणि एकाच फांदीवर फूल-फळ-पाखरू एकत्र बसवण्याची मुभा आपल्याकडच्या हातांची. एवढं बारीक आरपार काम सागवानात टिकलं नसतं, पानाच्या पातळ कडा पहिल्या धक्क्याला तुटल्या असत्या. शिसव पटाशीची कड धरून ठेवतो आणि गुंतलेल्या तंतूंमुळे फाटत नाही. ही खुर्ची शिसवाच्या ताकदीचं सर्वांत धाडसी प्रात्यक्षिक आहे.

तिच्यातलं कसब कुठे पारखायचं? नाजूक देठांत. वळणाच्या देठात लाकडाचे तंतू आडवे आले की तो देठ तिथेच तुटतो. जाणत्या कारागिराने तुकडा अशा बेताने बसवलेला असतो की तंतू देठाच्या लांबीला धरून जातात. जिथे ते शक्य नव्हतं तिथे शेजारच्या पानाला स्पर्श करवून देठाला आधार दिलेला असतो. तुटून पुन्हा चिकटवलेल्या जागा शोधल्या तर त्या बहुधा अशाच अडचणीच्या वळणांवर सापडतात. मग खुर्ची मागून बघावी. नक्षीच्या पाठीवर पटाशीचे आणि करवतीचे घाव तसेच ठेवलेले असतात. डावीकडचं पान आणि उजवीकडचं पान अगदी सारखं नसतं. यंत्राने कोरलेल्या नकलेत दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात आणि मागची बाजूही निर्जीव सपाट येते.

कसबाला मनापासून दाद देऊनही माझं मत या खुर्चीच्या बाजूने पडत नाही. इतक्या खोल आणि दाट कोरीवकामाला एक अंगुळही सलग पृष्ठभाग उरत नाही. रेषा वाहायला जागा नाही, जांभळ्याला दिसायला जागा नाही. छाया आणि चकाकी यांच्या खेळात लाकूड नुसतं गडद माध्यम होऊन राहतं. त्या जागी दुसरं कोणतंही कठीण काळपट लाकूड असतं तरी नक्षी तशीच दिसली असती. याच दुकानांतून निघालेलं गोल टेबल बघा. खालचा खांब आणि पाय कोरीव, पण वरची फळी सपाट, मोठी, मोकळी. त्या फळीवर शिसव पहिल्यांदा आपल्या आवाजात बोलतो. कोरीवकाम करणाऱ्या त्या कारागिरांनाही हे कळत होतं असं मला वाटतं. नाहीतर फळ्यांची निवड इतकी विचारपूर्वक झाली नसती, काळ्या रेषांचा झोत मध्यावर आणून बसवला नसता.

गोव्याने या लाकडाशी वेगळा व्यवहार केला. सतराव्या शतकातल्या गोव्याच्या बहुखणी कपाटांत सागवानाच्या अंगावर गडद शिसव किंवा आबनूस जडवून वर्तुळांची, चांदण्यांची भौमितिक नक्षी केलेली असते. तिथे गडद रंगाचं काम रेघेचं आहे, आणि ते नेमकं केलेलं आहे. पुढे गोव्याच्या मोठ्या घरांतल्या बैठकीच्या खोल्यांत भरीव शिसवी खुर्च्या-सोफे आले, बैठकीला आणि पाठीला वेताची वीण घेऊन. ही जोडी मला फार शहाणी वाटते. शिसवाचं वजन वेत हलकं करतो, दमट हवेत पाठीला वारा लागतो, आणि वेताच्या फिकट पिवळ्या विणीशेजारी लाकडाचा जांभळट गडदपणा झाकोळून न जाता खुलतो.

आणि आपल्या वाड्यांतलं, कोकणातल्या माजघरांतलं शिसवी सामान. देव्हारा, चौरंग, पाट, तिरक्या झाकणाचं लिहिण्याचं डेस्क. मला विचाराल तर शिसवाशी सर्वांत जास्त न्याय या डेस्काने केला. त्याची घडण साधी. चार सपाट बाजू, एक उतरतं झाकण, आत कागद, दौत, लेखण्यांसाठी दोन-तीन कप्पे. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पितळी बिजागऱ्या, पितळी कोयंडा. कोरीवकाम नाही, किंवा असलंच तर कडेने एक बारीक पट्टी. झाकण बहुधा एकाच रुंद फळीचं, आणि ती फळी निवडताना सुताराने रेषांची दिशा उतारासोबत ठेवलेली. लिहिणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं झाकणाच्या खालच्या कडेवर टेकून तिथे लाकूड उजळ झालेलं असतं. काळ्या रेषा तशाच, पण जमीन गडद तपकिरीतून पुन्हा तांबूस जांभळ्याकडे आलेली. घासलेलं पितळ आणि शिसव यांच्याहून सुंदर रंगसंगती घरगुती वस्तूंत मला माहीत नाही.

सपाट फळीत शिसव बघण्याची आणखी एक जागा आपल्या घराबाहेर, फार लांब आहे. उत्तम गिटारांच्या पाठी आणि बाजू पूर्वी ब्राझीलच्या ‘डाल्बर्जिया निग्रा’ या लाकडाच्या होत. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या नाझरेथ गावातल्या मार्टिन कंपनीने आपला, दक्षिण भारतातला शिसव वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभरच्या गिटारांच्या पाठीवर तो आहे. पाठ करताना एकच फळी मधून चिरतात आणि पुस्तक उघडावं तशा दोन्ही पाती शेजारी शेजारी ठेवून जोडतात, म्हणजे डावीकडची रेषा उजवीकडे आरशातल्यासारखी उलटी येते. फक्त काही मिलिमीटर जाडीची ही पाठ. शिसवाची फळी टांगून बोटाने वाजवली तर तिचा नाद लगेच मरत नाही, घुमत राहतो. गिटार बनवणाऱ्यांना त्यात हवं असतं ते हे. आपल्याकडच्या सुतारांनी लाकूड पारखताना फळी वाजवून बघण्याची सवय जपली आहे. त्यांना हा नाद ठाऊक असतो. त्याचं वाद्य मात्र दुसऱ्यांनी केलं.

जंगलातला शिसव हळू वाढतो. गाभा भरायला त्याला अनेक दशकं लागतात, आणि शतकानुशतकांची झाडं एका दुपारी पडतात. वायनाडमधल्या मुट्टिल गावात २०२०-२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर शिसवी झाडं बेकायदा तोडली गेली, आणि उरलेली खोडं आणि जप्त ओंडके एकाच झाडाचे आहेत हे ठरवायला डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हा वृक्ष ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) या वर्गात आहे. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत, ‘डाल्बर्जिया निग्रा’ वगळता, सगळं डाल्बर्जिया कुळ संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतलं गेलं आणि २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. २०२२ मध्ये पनामातल्या परिषदेत दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंबाबत सवलत मिळाली ती शीशमला. शीशम आणि शिसव वेगळे ओळखता येणं हा आता नुसता रसिकतेचा विषय राहिलेला नाही, निर्यातदाराच्या कागदपत्रांचाही आहे. एक आशेची गोष्टही सांगावी अशी: शिसवाच्या मुळांना फुटवे येतात. जुन्या झाडाभोवती चर खणून मुळं उघडी पडली की तिथून नवी रोपं उगवतात. बियांपेक्षा हा मार्ग अनेकदा भरवशाचा ठरतो. वनखात्यांनी आणि खाजगी बागायतदारांनी तो आणखी आपलासा करायला हवा. कोडगू आणि वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी शिसव राखलेला आढळतो. तसं कोकणातही का होऊ नये?

नवं शिसवी फर्निचर करून घ्यावं असं मी कोणाला सुचवणार नाही. जुनं पुष्कळ आहे, आणि ते वाया जातं आहे. फ्लॅट लहान झाले म्हणून पलंग आणि कपाटं जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे वजनाच्या भावाने जातात आणि पुढे कुठल्या तरी हॉटेलच्या दिवाणखान्यात काळ्या चकचकीत मुलाम्याखाली दिसतात. घरात अशी वस्तू असेल तर विकण्याआधी ती उलटी करून बघा, टोकाचा छेद ओला करून भिंगाखाली धरा, तिरक्या उजेडात आडव्या रेघा शोधा. ठेवायचं ठरलं तर सगळं पॉलिश खरवडून काढू नका, जुना थर बऱ्याचदा साफ करून पुन्हा जिवंत होतो. सांधे सैल असतील तर खिळे मारू देऊ नका, सांधा उघडून, जुना सरस काढून नव्याने चिकटवता येतो. आणि पॉलिशवाला डबा उघडेल तेव्हा जवळ उभे राहा. त्याला सांगा, रंग नको, नुसती चपडा लाख, हाताने, पातळ पातळ थरांत.